लोकप्रिय इतिहासग्रंथ आणि अमेरिकेचा भूतकाळ

जॉर्ज वॉशिंग्टननें लहानपणीं वडिलांच्या बागेंतील चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालविली आणि विचारतांच खोटें न बोलतां तें कबूल केलें, ही गोष्ट ज्याच्या कानांवर कधींच पडली नाहीं असा इंग्रजी शिकलेला मनुष्य विरळाच. सत्य बोलावें हें मुलांच्या मनावर ठसविण्यास ती सोयीची असल्यामुळें येथील कित्येक घरांतूनही ती सांगितली गेली आहे. गोष्ट सत्याची महती सांगते खरी. परंतु ती स्वतः सत्य असल्याचा कांहींएक पुरावा नाहीं. वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ रोजीं वारला. ही गोष्ट प्रथम छापून आली ती १८०६ सालीं. ती लिहिणारा होता गांवोगांव पुस्तकें विकीत हिंडणारा एक पाद्री. आपणांस ही हकीकत एका वृद्ध बाईनें सांगितली, असें तो म्हणतो. त्या बाईचें नांव सांगण्याची तसदी मात्र त्यानें घेतलेली नाहीं.

अशा एका गोष्टीनें कोणाचें काय बिघडलें, असें कोणी विचारील. या एका गोष्टीनें फारसें बिघडलें नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. परंतु ज्या वाटेनें ती अमेरिकेंतील घराघरांत शिरली, त्याच वाटेनें पुढें दुसऱ्याही कित्येक गोष्टी शिरल्या. आणि त्यांपैकीं एकीनें लक्षावधि माणसांचा हिरावून घेतलेला मतदानाचा हक्क त्यांना परत न देण्यास आधार पुरविला. लोकांच्या हातीं सहज पडणारें, गोडीनें वाचलें जाणारें इतिहासाचें पुस्तक काय करूं शकतें आणि त्यानें केलेलें पुसावयास किती काळ लागतो, हें अमेरिकेच्या उदाहरणावरून फार स्पष्ट दिसतें.

त्या पाद्र्याचें नांव मेसन लॉक वीम्स. जन्म १७५९ चा, मेरिलँडमधला. धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेला हा गृहस्थ पुढें फिलाडेल्फियाचा प्रकाशक मॅथ्यू केरी याचा फिरता विक्रेता झाला. लोकांना काय पाहिजे हें त्याला जितकें कळे, तितकें त्या काळच्या फार थोड्या विद्वानांना कळत असेल. वॉशिंग्टनच्या मृत्यूस पुरता महिना लोटला नाहीं तोंच त्यानें केरीला पत्रानें कळविलें, कीं या पुरुषाविषयीं कांहींतरी वाचावयास मिळावें म्हणून सारे लोक उतावीळ झाले आहेत. त्याच वर्षीं त्याचें छोटेखानी चरित्र बाहेर पडलें. पुढें आवृत्तीगणिक तो त्यांत भर घालीत गेला. चेरीचें झाड उगवलें तें पांचव्या आवृत्तींत. पुस्तकाच्या शीर्षपृष्ठावर त्यानें स्वतःस माउंट व्हर्नन पॅरिशचा माजी मुख्य पाद्री म्हणवून घेतलें आहे. माउंट व्हर्नन हें वॉशिंग्टनच्या वाड्याचें नांव; त्या नांवाचें पॅरिश मात्र कधीं अस्तित्वांतच नव्हतें!

गंमत अशी कीं, त्याच सुमारास वॉशिंग्टनचें एक साधार चरित्रही लिहिलें जात होतें. त्याचे लेखक जॉन मार्शल हे सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. वॉशिंग्टनचे खासगी कागद त्याच्या पुतण्यामार्फत त्यांच्या हातीं आलेले. १८०४ ते १८०७ या काळांत त्यांचे पांच खंड निघाले. पहिला अवघा खंड वसाहतींचा इतिहास सांगण्यांतच खर्चीं पडला; चरित्रनायकाचा जन्म होण्यासाठीं वाचकांना दुसऱ्या खंडाची वाट पाहावी लागली. वर्गणीदार कुरकुरूं लागले. आणि या ग्रंथासाठीं गांवोगांव हिंडून वर्गणीदार मिळविण्याचें काम कोणाकडे होतें? आमच्या याच वीम्समहाशयांकडे. ज्यानें पांच खंडांविषयींची नाराजी दारोदार ऐकली असेल, त्याला आपलें स्वतःचें पुस्तक कसें असावें हें वेगळें शिकावयास नको होतें.

वीम्सचें मूळ पान काढून वाचलें तर आणखी एक मौज आढळते. त्यांत सहा वर्षांच्या जॉर्जनें झाड तोडलेलेंच नाहीं. नव्या कुऱ्हाडीची धार पाहण्याच्या नादांत त्यानें त्याची साल इतकी सोलून काढली कीं तें जगण्याची आशा उरली नाहीं, एवढेंच तेथें आहे. झाड आडवें केलें तें मागाहून सांगणारांनीं. मॅगफी याच्या शालेय वाचनमालेनें ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या मुलांपुढें ठेविली. १९३९ सालीं ग्रँट वुड या चित्रकारानें या प्रसंगाचें एक चित्र काढलें. त्यांत खुद्द वीम्स पडदा बाजूस सारून प्रेक्षकांना देखावा दाखवीत उभा आहे, आणि बाळ जॉर्जच्या चिमुकल्या धडावर डॉलरच्या नोटेवर दिसतें तें वृद्ध वॉशिंग्टनचें मस्तक बसविलें आहे. दहा व्याख्यानांनीं साधलें नसतें तें या एका चित्रानें साधलें. पदरचीं भाषणें नायकाच्या तोंडीं घालण्याची ही रीत आपल्या बखरी वाचलेल्यांस मुळींच नवी वाटणार नाहीं. भेद इतकाच कीं, बखरकाराला बहुधा कोणी धनी असे. वीम्सचा धनी बाजार होता.

तथापि वीम्सला नुसता लबाड म्हणून मोकळें होतां येत नाहीं. २१ फेब्रुवारी १८६१ रोजीं, अध्यक्षपदाचीं सूत्रें हातीं घेण्यास राजधानीकडे निघालेले अब्राहम लिंकन वाटेंत न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढें बोलले. वीम्सचें पुस्तक आपण अगदीं लहानपणीं वाचलें होतें व त्यांतील ट्रेंटनच्या लढाईचें वर्णन आपल्या मनावर कायमचें ठसलें, असें त्यांनीं त्या वेळीं सांगितलें. ओंडक्यांच्या झोंपडींत वाढणाऱ्या मुलापर्यंत मार्शलचे पांच खंड पोंचणें कठीण होतें, वीम्स पोंचला. लोकप्रिय ग्रंथाला नांवें ठेवतांना हें विसरून चालत नाहीं.

वीम्सनंतरचा मोठा कारागीर म्हणजे वॉशिंग्टन अर्व्हिंग. हा अस्सल साहित्यिक. माद्रिदमध्यें राहून, स्पेनमध्यें नव्यानें छापल्या गेलेल्या जुन्या कागदपत्रांचा आधार घेऊन त्यानें १८२८ सालीं कोलंबसचें चरित्र प्रसिद्ध केलें. त्यांत सालामांका येथें धर्मपंडितांच्या सभेपुढें एकटा कोलंबस पृथ्वी गोल असल्याचें मांडीत आहे आणि ते अज्ञानी पंडित त्याला शास्त्रवचनें ऐकवीत आहेत, असा एक नाट्यमय प्रसंग आहे. वस्तुतः पृथ्वी गोल आहे हें युरोपांतील सुशिक्षितांना फार पूर्वीपासून ठाऊक होतें. वाद होता तो अंतराचा. कॅनरी बेटांपासून जपान सुमारें २,४०० सागरी मैलांवर असावें, असा कोलंबसचा हिशेब. प्रत्यक्षांत तें अंतर १०,००० हून अधिक. म्हणजे हिशेबापुरते बरोबर होते ते हे पंडितच, आणि वाटेंत एक अज्ञात खंड आडवें आलें नसतें तर कोलंबसचीं गलबतें उपासमारीनें संपलीं असतीं. परंतु ‘अडाणी पंडित आणि द्रष्टा खलाशी’ हें चित्र इतकें मोहक ठरलें कीं, तें शाळांतून अजूनही पुरतें हद्दपार झालेलें नाहीं. आपल्याकडील पुस्तकांतही तें कोठें कोठें डोकावतें.

जॉर्ज बॅनक्रॉफ्टचे दहा खंड १८३४ ते १८७४ पर्यंत निघत होते. स्वातंत्र्य हें जणू ईश्वरी योजनेनेंच अमेरिकेंत अवतरलें, असा त्यांचा सूर. फ्रान्सिस पार्कमननें जवळजवळ गेलेल्या दृष्टीनिशीं, कागदावर तारांची चौकट ठेवून, फ्रान्स व इंग्लंड यांच्या उत्तर अमेरिकेंतील झगड्याचा इतिहास लिहिला. त्याचें निसर्गवर्णन अप्रतिम. मूळ रहिवाशांविषयींचे त्याचे उद्गार आज वाचवत नाहींत. हे दोघेही एके काळीं दिवाणखान्यांतल्या कपाटांत मानानें बसलेले. त्यांचा विचार एवढाच पुरे. कारण ज्या प्रकरणांत इतिहासाचें पुस्तक हें प्रत्यक्ष राजकारणाचें हत्यार बनलें, तें पुढेंच आहे.

१८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत गुलामगिरी राखूं पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांचा पाडाव झाला. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनें गुलामगिरी नष्ट झाली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनें मुक्त झालेल्यांना नागरिकत्व मिळालें. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीनें वर्णावरून मतदानाचा हक्क नाकारण्यास बंदी घातली. युद्धसमाप्तीपासून १८७७ पर्यंतचीं हीं बारा वर्षें ‘पुनर्रचनेचा काळ’ या नांवानें ओळखलीं जातात. कालचे गुलाम आज मतदार झाले, ज्यूरींत बसले, विधिमंडळांत निवडून गेले. १८७० सालीं मिसिसिपी राज्याच्या वतीनें हिरम रेव्हल्स हे अमेरिकन सिनेटचे पहिले कृष्णवर्णीय सभासद झाले. त्या काळांत अशा एकूण १६ जणांनीं काँग्रेसमध्यें, म्हणजे तेथील केंद्रीय विधिमंडळांत, स्थान मिळविलें. सरकारी खर्चानें चालणाऱ्या सार्वत्रिक शाळा दक्षिणेंतील बहुतेक राज्यांत प्रथम रुजल्या त्या याच सरकारांच्या अमदानींत. लांचलुचपत झाली नाहीं असें नाहीं. परंतु ती त्या दिवसांत न्यूयॉर्कच्या नगरसभेंतही भरपूर चालली होती, आणि तेथील कारभार कांहीं काल-परवांच्या गुलामांच्या हातीं नव्हता. १८७७ मध्यें केंद्र सरकारनें आपल्या फौजांचा आधार काढून घेतला. १८९० सालीं मिसिसिपीनें नवी राज्यघटना करून डोईपट्टी व वाचनाची परीक्षा अशा अटींनीं कृष्णवर्णीयांना मतदानांतून वगळलें, आणि इतर राज्यांनीं त्याचाच कित्ता गिरविला.

आतां हीच हकीकत घराघरांत कशी सांगितली गेली तें पाहावें. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत विल्यम आर्चिबाल्ड डनिंग हे इतिहासाचे प्राध्यापक होते. त्यांनीं व त्यांच्या शिष्यांनीं एकेका राज्याच्या पुनर्रचनेचे इतिहास लिहिले. हे लोक वीम्सच्या जातीचे नव्हते. दप्तरखाने धुंडाळणारे, पानापानाला तळटीपा देणारे हे अभ्यासक. परंतु कृष्णवर्णीय मनुष्य राज्यकारभारास लायक नाहीं, हें त्यांनीं पुराव्यावरून ठरविलेलें नव्हतें. तें मनांत धरूनच ते दप्तरखान्यांत शिरले होते. त्यामुळें तळटीपा अचूक आणि निष्कर्ष विपरीत, असा प्रकार झाला. तळटीपा असल्या म्हणजे पुस्तक विश्वसनीय, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनीं हें प्रकरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

डनिंगचे ग्रंथ वाचणारे थोडे. त्यांचें सार लोकांपर्यंत नेलें तें दुसऱ्यांनीं. वूड्रो विल्सन हे प्राध्यापक असतांना त्यांनीं १९०२ सालीं अमेरिकन लोकांचा इतिहास पांच सचित्र खंडांत प्रसिद्ध केला होता. १९०५ सालीं टॉमस डिक्सनची ‘दि क्लॅन्समन’ ही कादंबरी निघाली. तिच्यावरून डी. डब्ल्यू. ग्रिफिथनें १९१५ सालीं ‘दि बर्थ ऑफ ए नेशन’ हा मूकपट काढला आणि त्याच्या अक्षरपट्ट्यांतून विल्सनच्या इतिहासांतील वाक्यें दाखविलीं. तोंवर विल्सन अध्यक्ष झालेले. पट त्यांच्या व्हाइट हाउसमध्येंही दाखविण्यांत आला. बुरखे घालून कृष्णवर्णीयांवर अत्याचार करणारी कू क्लक्स क्लॅन त्यांत दक्षिणेची तारक म्हणून अवतरते. त्याच वर्षाच्या अखेरीस ती नामशेष झालेली संघटना जॉर्जियांत पुनः उभी राहिली.

या साऱ्यावर कळस चढविला तो क्लॉड बॉवर्सनें. हा पेशानें वृत्तपत्रकार. डेमोक्रॅटिक पक्षाचा फर्डा वक्ता. १९२८ च्या पक्षाधिवेशनांतील प्रमुख भाषण त्याचेंच. १९२९ सालीं त्याचें ‘दि ट्रॅजिक एरा’ निघालें. तें हातीं घेतल्यावर खालीं ठेववत नाहीं, हें त्याच्या शत्रूंनाही कबूल करावें लागेल. राजधानींतील मेजवान्या, स्त्रियांचे पोशाख, कारस्थानांची कुजबूज, सारें कसें डोळ्यांपुढें उभें राहतें. आणि या सगळ्या झगमगाटांतून वाचकाच्या मनांत अलगद उतरतें तें एवढेंच, कीं कृष्णवर्णीयांना मत देणें हा एक भयंकर प्रमाद होता. टपालानें घरपोंच पुस्तकें पाठविणाऱ्या लिटररी गिल्ड या मंडळानें तें आपल्या सभासदांसाठीं निवडलें. मतदानाच्या हक्काची गोष्ट कोणी काढली कीं ‘तो प्रयोग एकदां झाला आहे, त्याचे परिणाम ठाऊक आहेत’, असें उत्तर त्या काळीं तयार असे. तें सभ्य गृहस्थांच्या तोंडीं रुळविण्यास अशीं पुस्तकें कारण झालीं.

बॉवर्सला उत्तर दिलें गेलें पाहिजे हें ज्यांना तीव्रतेनें वाटलें, त्यांत ॲना ज्युलिया कूपर नांवाची एक वृद्ध शिक्षिका होती. गुलामगिरींत जन्मलेल्या या बाईनें साठी उलटल्यावर, १९२५ सालीं, पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती. १९२९ सालीं तिनें डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून या पुस्तकाचा समाचार घेण्याचा आग्रह केला. ड्यू बॉइस हे या विषयास नवखे नव्हते. १९०९ सालीं अमेरिकन इतिहास-परिषदेपुढें त्यांनीं पुनर्रचनेच्या फायद्यांवर निबंध वाचला होता व तो १९१० सालीं परिषदेच्या त्रैमासिकांत छापला गेला होता. ‘नीग्रो’ शब्दाचें पहिलें अक्षर मोठें छापावें, ही त्यांची विनंती संपादकानें त्या वेळीं अमान्य केली. देवनागरींत लहान-मोठीं अक्षरें नसल्यानें या तक्रारीचें मर्म आपल्या ध्यानांत चटकन येणार नाहीं. इंग्रजींत प्रत्येक जातीचें नांव मोठ्या अक्षरानें सुरू होतें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

१९३५ सालीं ड्यू बॉइस यांचा ‘ब्लॅक रीकन्स्ट्रक्शन’ हा सातशेंवर पानांचा ग्रंथ बाहेर पडला. त्याच्या शेवटच्या प्रकरणांत त्यांनीं शाळांतील पाठ्यपुस्तकें एकेक करून तपासलीं आणि मुलांना पुनर्रचनेविषयीं काय शिकविलें जातें तें वाचकांपुढें मांडलें. ग्रंथांत उणिवा आहेत. तो मुख्यतः छापील साधनांवर उभा आहे, आणि ओजस्वी भाषेच्या भरांत कोठें कोठें वाहवला आहे. परंतु बॉवर्सनें केवळ पार्श्वभूमीला उभीं केलेलीं माणसें येथें प्रथम स्वतः हालचाल करतांना दिसतात. इतिहास-परिषदेच्या त्या त्रैमासिकानें या ग्रंथाचें परीक्षणसुद्धां छापलें नाहीं. बॉवर्स घराघरांत पोंचला. ड्यू बॉइस यांना वाट पाहावी लागली.

दप्तरखान्याची दारें कोणासाठीं उघडीं होतीं, याचाही येथें विचार झाला पाहिजे. १९३९ सालीं जॉन होप फ्रँकलिन हे तरुण कृष्णवर्णीय संशोधक नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या दप्तरखान्यांत गेले. ही इमारत बांधतांना कोणी कृष्णवर्णीय अभ्यासक येथें येईल अशी कल्पनाच कोणाला नव्हती, असें त्यांना सांगण्यांत आलें. कांहीं दिवसांनीं त्यांच्यासाठीं एक निराळी खोली तयार झाली, आणि गोऱ्या नोकरांना त्यांची सेवा करावी लागूं नये म्हणून दप्तरांच्या कोठारांची किल्लीच त्यांच्या हातीं देण्यांत आली! मनास येईल तें दप्तर ते स्वतः काढून आणूं लागले, तेव्हां ही सवलत आम्हांला कां नाहीं, अशी तक्रार गोऱ्या संशोधकांनीं केली आणि किल्ली परत घेतली गेली. याच फ्रँकलिन यांचें ‘फ्रॉम स्लेव्हरी टु फ्रीडम’ १९४७ सालीं निघालें आणि पुढें कित्येक आवृत्त्यांतून तें अमेरिकेंतील महाविद्यालयांत वाचलें गेलें.

यानंतरचें पाऊल टाकलें तें एका दक्षिणी गोऱ्या इतिहासकारानें. सी. व्हॅन वुडवर्ड यांनीं १९५४ सालीं व्हर्जिनिया विद्यापीठांत दिलेलीं व्याख्यानें पुढील वर्षीं ‘दि स्ट्रेंज करिअर ऑफ जिम क्रो’ या नांवानें छापलीं गेलीं. पुस्तक लहान, भाषा साधी. गोरे व काळे यांना वेगळे डबे, वेगळे नळ, वेगळ्या शाळा ही कांहीं अनादि रूढि नव्हे. त्यांतले बहुतेक कायदे १८९० च्या आगेंमागें झाले, एवढेंच त्यांचें सांगणें. परंतु जी गोष्ट माणसांनीं काल-परवां केली ती माणसांना मोडतांही येते, हें त्यांतून आपोआप निघत होतें. २५ मार्च १९६५ रोजीं मॉन्टगोमेरी येथें हजारोंच्या सभेपुढें मार्टिन ल्यूथर किंग यांनीं वुडवर्ड यांचा नांवानिशीं दाखला दिला. ६ ऑगस्ट १९६५ रोजीं मतदान-हक्काचा कायदा झाला. म्हणजे पंधराव्या घटनादुरुस्तीनंतर ९५ वर्षांनीं तिची खरी अंमलबजावणी सुरू झाली. आणि पुनर्रचनेचा सर्वमान्य झालेला नवा इतिहास एरिक फोनर यांनीं लिहिला तो त्याहूनही मागाहून, १९८८ सालीं. डनिंग ज्या विद्यापीठांत शिकवीत, त्याच कोलंबियांत फोनर प्राध्यापक होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर लोकप्रिय इतिहासाला मोठी भरती आली. ब्रूस कॅटन या वृत्तपत्रकारानें मिशिगनमधील आपल्या गांवीं लहानपणीं यादवी युद्धांतले म्हातारे शिपाई पाहिले होते. ‘ए स्टिलनेस ॲट ॲपोमॅटॉक्स’ या त्याच्या ग्रंथास १९५४ चें पुलित्झर पारितोषिक मिळालें. साध्या शिपायाचे हाल तो विलक्षण सहानुभूतीनें सांगतो. तो शिपाई कशासाठीं लढत होता, ही बाजू मात्र त्या युद्धकथांच्या लाटेंत पुष्कळदां मागें पडली. स्टीव्हन ॲम्ब्रोज याचीं पुस्तकें तर लाखांनीं खपलीं. २००२ सालीं असें उघडकीस आलें कीं, ‘दि वाइल्ड ब्लू’ या पुस्तकांत दुसऱ्या इतिहासकाराचे परिच्छेदच्या परिच्छेद अवतरणचिन्हांवांचून उतरले आहेत. तळटीपा येथेंही होत्या!

१९७० सालीं डी ब्राउन या ग्रंथपालानें ‘बरी माय हार्ट ॲट वून्डेड नी’ प्रसिद्ध केलें. १८६० ते १८९० या तीस वर्षांत पश्चिमेकडील मूळ रहिवाशांचा मुलूख कसा गेला, हें त्यानें तहांच्या बैठकींत त्यांच्या पुढाऱ्यांनीं केलेल्या व नोंदविल्या गेलेल्या भाषणांवरून सांगितलें. हें पुस्तक वाचून पार्कमनकडे परत गेलेला वाचक पूर्वीचा राहत नाहीं. परंतु त्याचाही एक दोष आहे. तें २९ डिसेंबर १८९० च्या कत्तलीशीं संपतें, आणि जणू ते लोकही तेथेंच संपले असा समज करून देतें. ओजिब्वे जमातीचे लेखक डेव्हिड ट्रॉयर यांनीं २०१९ सालीं याच आक्षेपाचा ग्रंथ लिहिला. त्यांत १८९० नंतरचें या लोकांचें जीवन आहे. हॉवर्ड झिन यांचा १९८० चा ‘ए पीपल्स हिस्टरी ऑफ दि युनायटेड स्टेट्स’ हा २० लाखांहून अधिक प्रतींनीं खपलेला ग्रंथ याच काळांतला. गुलाम, मजूर, स्त्रिया यांच्या बाजूनें तो लिहिला आहे हें त्याचें बळ. सत्ताधाऱ्यांच्या प्रत्येक कृतीमागें एकच हेतु दिसणें हें त्याचें दौर्बल्य. वीम्सचा नायक कधीं चुकत नाहीं, झिनचा खलनायक कधीं सुधारत नाहीं. तरीही दोघांत निवड करावयाची झाल्यास झिनच्या बाजूला तौल झुकेल. त्यानें माणसें कल्पनेनें निर्माण केलेलीं नाहींत.

पुनर्रचनेच्या काळाकडे मात्र पुनः एकदां वळलें पाहिजे. कारण त्याचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि गुलामांच्या मुक्तीसाठीं झटलेल्या युनायटेड स्टेट्समधील सदाचारी लोकांना तें अर्पण केलें. मुक्तीची वार्ता पुण्यास पोंचली होती. तिच्यावर चाललेल्या हल्ल्याची वार्ता पोंचण्यासारखी नव्हती. त्याच १८७३ च्या १३ एप्रिल रोजीं, ईस्टरच्या रविवारीं, लुइझियाना राज्यांतील कोलफॅक्स गांवीं एका वादग्रस्त निवडणुकीनंतर कचेरीचें रक्षण करीत बसलेल्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीनें तोफ घेऊन हल्ला केला. कचेरीला आग लावली. पुष्कळजण मारले गेले ते शरण आल्यानंतर. मृतांची संख्या ६० पासून १५० पर्यंत निरनिराळी सांगितली जाते. ज्या थोड्यांना शिक्षा झाल्या त्याही १८७६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें रद्द झाल्या.

१९५० सालीं लुइझियाना राज्यानें त्या जागीं एक लोखंडी फलक उभारला. तेथें घडलें तो ‘दंगा’ होता, त्यांत तीन गोरे व १५० नीग्रो ठार झाले, आणि त्या घटनेनें दक्षिणेंतील उपऱ्यांच्या गैरकारभाराचा शेवट झाला, असा त्यावरील मजकुराचा आशय होता. बॉवर्सच्या पुस्तकाचें सार त्या तीन ओळींत ओतलेलें होतें. रस्त्यानें जाणाऱ्या-येणाऱ्यांनीं तो सत्तर वर्षें वाचला. २००८ सालीं या हत्याकांडावर दोन वाचनीय ग्रंथ निघाले. एक लीॲना कीथ या इतिहासलेखिकेचा, दुसरा चार्ल्स लेन या वृत्तपत्रकाराचा. मे २०२१ मध्यें तो फलक उतरविण्यांत आला. १३ एप्रिल २०२३ रोजीं, दीडशें वर्षें पूर्ण झालीं त्या दिवशीं, गांवांत नवें स्मारक उभें राहिलें, आणि त्या दिवशीं मारल्या गेलेल्यांपैकीं ५७ जणांचीं नांवें त्यावर कोरण्यांत आलीं.